राणीच्या अंगावरची चादर

मंडळी, सकाळी मी इथे आमच्या लॅब्राडोर राणीच्या पिल्लांची जाहिरात टाकली होती. पिल्लं जेमतेम महिन्याची आहेत. कायद्याने दोन महिन्यांच्या आत ती विकता येत नाहीत, हे मला ठाऊक होतं.

दुपारी सटाण्याच्या एका बाईंनी विचारलं, "ताई, पिल्लांच्या आईचा पण फोटो टाका ना."

लागोपाठ व्यायल्यामुळे राणी पार खंगली आहे. नवरा म्हणाला, "अंगावर चादर टाक, बरगड्या दिसणार नाहीत."

आणि मी खरंच टाकली! मग फोटो बघितला आणि माझीच मला लाज वाटली.

जाहिरात काढली. बाईंना खरं ते कळवलं. त्यांनी एवढंच लिहिलं, "आधी तिला सांभाळा."

आता राणीचं नसबंदीचं ऑपरेशन करून घेणार आहे. पण त्यांनी फोटो मागितलाच नसता तर?

पिल्लू घेताना त्याची आई बघायला मागता का तुम्ही?