आजीच्या नावाचं मॉस

माझ्या आत्याला कुणाची चूक खपत नसे. दुकानाच्या पाटीवरची असो की डॉक्टरांच्या तोंडची, ती दुरुस्त केल्याशिवाय तिला अन्न गोड लागायचं नाही. तिच्या कामाला घरात सगळे शेवाळ म्हणत. प्रत्येक वेळी ती म्हणे, "शेवाळ पाण्यातलं. हे मॉस."

वनस्पती संग्रहालयाच्या मागच्या खोलीत तिचं टेबल होतं. दगडांवरून खरवडून आणलेलं मॉस तिथे कागदी पाकिटांत वर्षानुवर्षं वाळून पडलेलं असे. आत्या त्यातली एखादी काडी कोमट पाण्यात टाकायची, पानं उलगडली की सूक्ष्मदर्शकाखाली धरायची आणि त्याची जात ठरवायची. दक्षिण ध्रुवाजवळच्या एका बेटावरून आलेल्या पाकिटात तिला वेगळंच काही दिसलं. त्या कुळातल्या बाकीच्यांच्या पानांना टोकाशी पांढरा केस असतो; याला नव्हता. तिने ती नवी जात म्हणून जाहीर केली आणि आपल्या आईचं नाव दिलं. नकाशावर त्या जातीचा एकच ठिपका होता, अगदी तळाशी. आजी मात्र भेटेल त्याला सांगत सुटली, "माझ्या नावाचं शेवाळ आहे."

"मॉस, आई," आत्या मागून म्हणायची.

पुढे उत्तर ध्रुवाकडचं एक पाकीट आलं. त्यातलं मॉस जुनंच, फार पूर्वी नाव मिळालेलं, केसवालं. पण एका काडीवर आत्याची नजर अडली. वरच्या पानांचे केस बर्फाच्या वाऱ्याने झिजून गेले होते, खालच्या दडलेल्या पानांचे शाबूत होते. कपाटातून तिने बेटावरचं पाकीट काढलं. तेव्हा तिने शेंड्याची पानं तपासली होती, कारण तीच स्वच्छ आणि हिरवी असतात. आता तिने बुडखा भिजवला. खालच्या पानांना केस होते.

ते पाकीट दुसऱ्या कुणी उघडलं असतं असं मला वाटत नाही. मी असतो तर मूग गिळून बसलो असतो. आत्याने संध्याकाळीच आजीला सांगितलं.

"आई, माझी चूक झाली. ती जात उत्तरेलाही उगवते आणि तिकडे तिला आधीच दुसरं नाव आहे. नियमाने पहिलं नाव राहतं. तुझं जाणार."

"चूक पकडली कुणी?"

"मीच."

"मग तुला नाकाने कांदे सोलायला कुणी सांगितलं होतं?"

बरेच दिवस आजी तिच्याशी धड बोलली नाही.

आत्याने सगळं छापून जाहीर केलं आणि पाकिटावर नवी चिठ्ठी चिकटवली. संग्रहालयात जुनी चिठ्ठी फाडत नाहीत, नवी तिच्याखाली लावतात. आजीचं नाव जागच्या जागी राहिलं, फक्त चुकलेलं म्हणून. मला ते बघून वाईट वाटलं. आत्याने हाताचा डिंक धुतला आणि पुढचं पाकीट घेतलं.

त्यानंतर एकदा आम्ही दोघं आजीला दवाखान्यात घेऊन गेलो. रक्तदाबाचा पट्टा बांधून घेताना आजी म्हणाली, "डॉक्टर, माझ्या नावाचं शेवाळ पूर्वी एकाच बेटावर होतं. आता दोन्ही ध्रुवांवर उगवतं."

डॉक्टरांनी आत्याकडे पाहिलं. मीही पाहिलं.

"हो," आत्या म्हणाली.