चंद्री नावाचा कॅमेरा

"लाइट गेली आन् तुझं कॅमेरं परत गायब!" आबा फोनवर ओरडत होते. "चंद्री दिसंना झालीया."

"येतो. व्हिजिटचे वेगळे पडतील."

"वेगळं? पयल्यांदाच नीट करायला काय झालतं?"

मी फोन आपटला आणि गेलो.

मंगळवार पेठेत आबांचं घर, मागे गोठा. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे त्यांना जिना उतरायची मनाई होती. त्यांची चंद्री म्हैस गाभण होती. मागच्या वेळी कुणाचं लक्ष नव्हतं आणि तिचं रेडकू अडून गेलं. म्हणून मी गोठ्यात तीन कॅमेरे लावून वरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला जोडले होते.

घरातला राउटर प्रत्येक मशिनला एक नंबर देतो. त्याला आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. लाइट जाऊन आली की तो नंबर नव्याने वाटतो. काल जो नंबर कॅमेऱ्याचा होता, तो आज सूनबाईंच्या मोबाइलला मिळतो आणि कॉम्प्युटर बिचारा जुन्याच नंबरवर कॅमेरा शोधत बसतो. यावर उपाय म्हणजे मशिनला नाव द्यायचं. नंबर कितीही बदलो, नाव सांगितलं की राउटर त्याचा आजचा नंबर काढून देतो.

मी कॅम-वन, कॅम-टू टाइप करायला लागलो.

"म्हशीला नंबरानं हाक मारत्यात व्हय?" आबा म्हणाले. "म्होरं जी बांधलीया तिचं नाव दे की."

दिलं. चंद्री, राणी, मोरी. चित्राच्या वर ठळक अक्षरांत नाव दिसायला लागलं. मेन स्विच बंद करून परत चालू केला. तिन्ही जागेवर. आबांनी मला स्वतःच्या हाताने ग्लासभर धारोष्ण दूध दिलं, पण व्हिजिटचे पैसे काही दिले नाहीत.

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे माझ्या कामासाठी गेलो. ते दूध संस्थेच्या कमिटीवर होते आणि तिथे कॅमेऱ्यांचं मोठं काम निघालं होतं. कॉलेजची डिग्री नसलेल्या माझ्यासारख्याला असं काम ओळखीच्या शब्दावरच मिळतं.

"शब्द टाकतो की," आबा म्हणाले. "पर रेट कमी कर."

आमची घासाघीस रंगली. आबा मधूनच स्क्रीनकडे बघत होते. "बघ, चंद्री कशी निवांत रवंथ करतीया."

सूनबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं आणि कप टेबलावर आदळला.

"मामंजी, ही राणी हाय!"

"वर नाव वाच की."

"नाव जाऊ द्या, शिंगं बघा! चंद्रीला सकाळी तुम्हीच कोपऱ्यात बांधायला सांगितलासा न्हवं? तिच्या जागंवर राणी बांधलीया."

व्यायला आलेली म्हैस बाकीच्यांपासून लांब, मोकळ्या कोपऱ्यात बांधतात. त्या कोपऱ्यात कॅमेराच नव्हता. जन्मभर पाठीवरून म्हैस ओळखणारा माणूस वरचं नाव वाचून निवांत बसला होता.

मी आणि सूनबाई खाली पळालो. चंद्री आडवी पडली होती, रेडकाचा एकच पाय बाहेर आला होता. सूनबाईंनी डॉक्टरांना फोन लावला. ते येईपर्यंत मी तिचं डोकं धरून बसलो. वरून आबा खिडकीतून ओरडत होते, "वढू नका! डाक्टर येऊ द्या!" डॉक्टरांनी आत हात घालून दुमडलेला पाय सरळ केला. रेडी जिवंत निघाली. आबा खिडकीतच रडले.

दुसऱ्या दिवशी पेठेत बातमी फिरली: वायरमननं नावं उलटी घातली, डॉक्टर होता म्हणून वाचली. मी तरातरा गेलो.

"नावं कुणी सांगितली, आबा?"

"म्या सांगितली. पर तू घातलीस कशाला?"

दूध संस्थेचं काम दुसऱ्याला गेलं. माझा तो राग अजून उतरलेला नाही.

तरी आज ती भांडणं आठवतात. आता कॅमेरा मोबाइलला आपोआप जोडला जातो. गिऱ्हाईक ओरडत नाही, चहा विचारत नाही, मोबाइलवरच मला किती स्टार द्यायचे ते ठरवतं. आबांच्या गोठ्यातली कामं मी नंतरही केली, आणि प्रत्येक वेळी घसा बसेपर्यंत रेट ठरवला.

त्यांच्या कॅमेऱ्यांची नावं मी दुसऱ्याच दिवशी बदलली होती: दार, गव्हाण, आणि तिसरा कॅमेरा कोपऱ्याकडे हलवून त्याचं नाव कोपरा. जे स्वतःच्या पायांनी उठून जाऊ शकतं, त्याचं नाव मी तेव्हापासून मशिनला देत नाही.