आमच्या घरातला राजेशाही आजार

मला राजांचा आजार आहे. माझं रक्त लवकर गोठत नाही. कापलं-खरचटलं तर ते निदान दिसतं तरी. खरा त्रास आत होतो. सांध्यात रक्त साचतं, गुडघा भोपळ्यासारखा फुगतो आणि माणूस आडवा होतो. साताऱ्याच्या आमच्या डॉक्टरांनी हे माझ्या आईला समजावताना रशियाच्या शेवटच्या झारच्या मुलाचं उदाहरण दिलं. बाकी सगळं आईच्या डोक्यावरून गेलं, राजपुत्र तेवढा लक्षात राहिला. तेव्हापासून घरात मी 'युवराज' झालो. घराबाहेर मात्र मला नुसती 'सांधेदुखी' होती. दोन बहिणींची लग्नं व्हायची होती आणि रक्तातलं काही निघालं असतं तर त्यांना कुणी दारात उभं केलं नसतं.

पुढे अमेरिकेत ॲन आर्बरला शिकायला आलो. बर्फात बस चुकली की मी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत जाऊन बसायचो आणि त्या राजपुत्राबद्दल मिळेल ते वाचायचो. चार मुलींनंतर झालेला, गादीचा वारस. जन्मल्यावर थोड्याच आठवड्यांत त्याच्या बेंबीतून रक्त यायला लागलं आणि लवकर थांबेना. आजार आला आईकडून, तिच्याकडे तिच्या आईकडून, आणि त्याच्या वर इंग्लंडची राणी. गंमत बघा, घराण्यात पुरुष असेपर्यंत गादी त्यांचीच, बहिणी कितीही शहाण्या असल्या तरी त्यांना ती नाही. आजार मात्र बायकांच्याच हातून पुढे आला होता. आणि हे सगळं प्रजेपासून लपवलेलं. त्याला पडू न द्यायला, दुखलं की उचलून न्यायला दोन खलाशी कायम पाठीमागे. खाली पाहुण्यांची जेवणं चालू असताना आई मधूनच वर पळायची, मुलाला बघून यायची आणि परत हसत बसायची. शेवटी बापानं गादी सोडली ती मुलाच्याही वतीनं सोडली, कारण हा आजार बरा व्हायचा नाही, असं डॉक्टरांनी त्याला सांगितलं.

त्या पोराच्या आजारानं साम्राज्य बुडवलं, असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. आता राहतो त्या नोव्हाय गावात आमच्यासारखे निवृत्त इंजिनियर पुष्कळ. सगळ्यांना मोकळा वेळ आणि सगळेच व्हिडिओ बघून झालेले इतिहासकार. "आजारानं नाही, लपवण्यानं वाट लागली!" असं मी एकदा भर पंगतीत ओरडलो. यजमानांनी घाईनं श्रीखंडाचा विषय काढला. माझा इतका संताप कशासाठी, हे तिथे एकालाही ठाऊक नव्हतं. आईनं लावलेली सवय, दुसरं काय.

माझ्यासारख्या बापाची मुलगी हा आजार घेऊनच जन्मते, तिला स्वतःला फारसा त्रास नसला तरी. नशिबाचा प्रश्न येतो तो तिच्या मुलाच्या वेळी. माझ्या मुलीनं लग्नाआधीच जावयाला हे सांगितलं होतं. जावई गुणी आहे. "आई-बाबांना मी सांगतो," म्हणाला, आणि सांगायचं राहूनच गेलं. मग गेल्या हिवाळ्यात मुलीला मुलगा झाला, नाळेतलं रक्त तपासलं, आणि नातू माझ्यावर गेल्याचं कळलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता चांगली औषधं आहेत, घरच्या घरी इंजेक्शन देता येतं, हा पळेल, सायकल चालवेल. मुलीनं शांतपणे सगळं विचारून घेतलं. मी पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसून रडलो.

त्यानंतर पुण्याहून विहीणबाई आल्या. बॅगेत डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, आणि मखमली डबीत मोत्यांची भिकबाळी. आधी त्यांच्या सासऱ्यांच्या कानात होती, मग त्यांच्या यजमानांच्या. आमच्या जावयानं कॉलेजात असताना ती घालायला साफ नकार दिला होता, त्यामुळे आता हक्क नातवाचा. "आमची गादी म्हणा हवं तर," त्या कौतुकानं म्हणाल्या. बारशाला कान टोचायचे, हा मोठा झाला की भिकबाळी घालायची. टोचायला सोन्याची तारसुद्धा त्यांनी आणली होती.

"आई, इथे वर्षाच्या आत कान टोचायला अलाऊड नाही," जावयानं ठोकून दिलं.

अमेरिकेत काहीही असू शकतं, असं त्या बाईंचं मत होतं. त्यांनी विश्वास ठेवला.

मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा, धिस इज क्रेझी. मी माझ्याच घरात ॲक्टिंग करतेय. तो म्हणतो, आईचं बीपी आहे, बारसं होऊ दे, मग सांगतो. मग मुंज होऊ दे, मग लग्न होऊ दे. असंच ना?"

या पोरालाही आयुष्यभर सांधेदुखी होणार, असं दिसायला लागलं.

विहीणबाईंनी नातवाची अंघोळ स्वतःकडे घेतली होती. कोमट तेल लावून पाय, पाठ, मांड्या चोळायच्या, आणि पोरगंही त्यांच्या पायांवर पालथं पडून खुशीत असायचं. मुलगी रोज बाथरूमच्या दारात उभी. "आई, हळू हं. आई, जरा हळू." त्या दोन खलाशांच्या वरताण पहारा. विहीणबाईंना ते लागत होतं. चार पोरांना न्हाऊ घातलेल्या बाईला कुणी असं शिकवत नाही.

एका सकाळी मी गेलो तर त्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या होत्या. तेलाची वाटी सिंकमध्ये. बाळाच्या मांडीवर निळसर डाग उठले होते, बोटांच्या आकाराचे. मुलीनं हॉस्पिटलमध्ये फोन करून विचारलं होतं. घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण विहीणबाईंना ते कोण सांगणार?

"भाऊ, माझा हात जड झाला हो," त्या मला म्हणाल्या. "पोराच्या मांडीवर माझी बोटं उठलीत. सूनबाई बोलत नाही, पण तिला आधीपासून दिसत होतं. मी आता याला हात लावणार नाही. तिकीट अलीकडचं करून दे म्हटलंय मुलाला."

जावई फ्रिज उघडून दुधाकडे बघत उभा होता. मला त्याचा राग आला, माझ्या आईचा आला, त्या रशियाच्या राणीचाही आला. एक आजी आपल्या हातांना दोष देत बसली होती आणि आम्ही तिघं शिकलेली माणसं गप्प होतो.

"तुमचा हात जड नाही," मी म्हटलं. "रक्त माझं आहे."

मग सगळं सांगितलं. आजाराचं नाव, आई, बहिणी, सांधेदुखी, सगळं. घराबाहेरच्या माणसाला मी पहिल्यांदाच सांगत होतो, त्यामुळे क्रम चुकत होता आणि आवाज नको तितका चढत होता. त्या मला न थांबवता ऐकत होत्या. आता विचारतील, लग्नाआधी का नाही सांगितलंत, आणि मला खाली बघावं लागेल, अशी माझी तयारी होती.

त्या मुलाकडे वळल्या. "गाढवा, मी रोज याला चोळतेय आणि तू बघत उभा राहिलास? आधी तो फ्रिज बंद कर."

भिकबाळीचा विषय त्यांनी एका वाक्यात संपवला. दाबाची मिळते हल्ली, म्हणाल्या, भोक कशाला पाडायचं. मग साबणानं हात धुतले, मुलीकडून बाळ घेतलं, त्याची मांडी नीट निरखून पाहिली आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"भाऊ, एक सांगा. लहानपणी तुम्हाला दुखायचं, तेव्हा काय केलं की बरं वाटायचं? उद्या याला दुखलं तर मला माहीत हवं."

किती दुखतं, कुठे दुखतं, हे डॉक्टरांनी मला हजारदा विचारलं असेल. हे कुणी विचारलं नव्हतं. मला एकदम आमची साताऱ्याची खोली आठवली, रस्त्याला लागून असलेली. शेजारी ऐकतील म्हणून आई पदराचा बोळा माझ्या तोंडात धरायची, आणि धरता धरता स्वतः रडायची.

"रडू द्यायचं त्याला," मी म्हटलं. "मोठ्यांदा. खिडक्या उघड्या ठेवून."