पाठवणीपुरती क्लॅरोनेट

सोपान गेल्याचा निरोप मला कोपरगावहून आलेल्या गाडीच्या कंडक्टरनं दिला. मी नगरच्या एस.टी. स्टँडवर तिकिटाच्या खिडकीत बसतो. श्रावणातली सकाळ होती, गर्दी बेताचीच. कंडक्टर खिडकीशी आला, टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाला, "बाळूभाऊ, तुमचा बँडवाला दोस्त पहाटं गेला. मानसं थांबल्यात तुमच्यासाठी." खिडकीसमोर उभ्या असलेल्या म्हातारीला राहुरीचं तिकीट हवं होतं. ते मी तिला दिलं, मग खिडकी लावली आणि त्याच गाडीनं कोपरगावला निघालो. आठवड्यापूर्वीच त्याला पाहून आलो होतो. डोळे हळदीसारखे पिवळे झालेले, पण बोलणं नेहमीचंच. मी उठताना तो म्हणाला, "आता नवरदेवाआधी मलाच हळद लागली बघ." मी हसलो होतो. तो बरा होणार याबद्दल मला शंकाच नव्हती. याच्यापेक्षा कितीतरी खोल खड्ड्यातून तो वर आलेला मी पाहिला होता.

त्याच खड्ड्याबद्दल मला लिहायचं आहे. कारण सोपान काविळीनं गेला हे माहीत असूनही गावात वेगळंच बोललं जातंय.

सोपान शेतकऱ्याच्या घरातला. गोदावरीच्या काठाला त्यांचा ऊस. पण त्याचं मन शेतात कधी रमलं नाही. नगरच्या छावणीतून निवृत्त झालेले एक लष्करी बँडवाले कोपरगावात येऊन राहिले होते. आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. शाळेत असताना आम्ही दोघं त्यांच्या ओसरीवर जाऊन बसायला लागलो. माझ्या हातात त्यांनी ड्रमच्या काड्या दिल्या आणि सोपानच्या हातात क्लॅरोनेट. मी ताल धरायला शिकलो, एवढंच. सोपान मात्र वाजवायला लागला. पुढं गावातल्या बँडमध्ये आम्ही दोघंही लागलो. मला नोकरी मिळाल्यावर मी नगरला आलो, तरी लग्नसराईत रजा काढून जायचोच. ऊसवाल्यांच्या वराती म्हणजे गाव लोटायचं, पण सोपान वाजवायला लागला की नाचणारी पोरंसुद्धा मधेच थांबायची. तो डोळे मिटून, मान जरा डावीकडं कलती करून वाजवायचा. बायका भाकऱ्या टाकायचं सोडून दारात यायच्या. आणि मुलीच्या पाठवणीला तो जे वाजवायचा... ते ऐकून नवरीचा बाप रडला नाही असं मी पाहिलेलं नाही.

एकाहत्तर सालची लग्नसराई संपता संपता काहीतरी बिघडलं. कारण शोधायचं म्हटलं तर सापडत नव्हतं. घरात भांडण नाही, बायकोशी गोडी होती, शेत पिकत होतं. एका वरातीत वाजवता वाजवता सोपाननं क्लॅरोनेट खाली घेतली आणि नुसता चालत राहिला. मी ड्रम वाजवतच जवळ गेलो, विचारलं काय झालं. म्हणाला, "वाजवायला आत कायच न्हाई, बाळू." मला वाटलं दमला असेल. पण त्यानंतर तो घरात जो शिरला तो बाहेर येईना. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. पुढ्यातलं ताट तसंच राहायचं. त्याची बायको सरूवहिनी मला एकदा स्टँडवर भेटायला आली. "भावजी, अंगात ताप न्हाई, दुखत काय न्हाई," ती म्हणाली, "पर मानूस माझा घरात असून घरात न्हाई."

सोपानच्या आईनं आधी लिंबं उतरवली, अंगारे लावले, एका देवऋषीकडं नेलं. तिचा जीव तुटत होता, तिला जे माहीत होतं ते तिनं केलं. पुढं कुणीतरी नेवाशाच्या एका वैद्यांचं नाव सांगितलं. सोपानला घेऊन आम्ही दोघं गेलो, मी आणि वहिनी. वैद्यबुवा म्हातारे होते, फार बोलत नव्हते. त्यांनी अंगाला रोज कोमट तेल चोळायला सांगितलं, डोक्यावर तेल थापायला सांगितलं, खाण्यात तूप आणि सकाळी उन्हं कोवळी असताना नदीपर्यंत चालणं. वहिनीनं एक दिवस चुकवला नाही. त्यानं फरक पडलाच नाही असं मी म्हणणार नाही. थोडी झोप लागायला लागली, दोन घास जायला लागले. पण डोळ्यांत तो परत आला नाही. पुन्हा गेलो तेव्हा वैद्यबुवांनी नाडी पाहिली, आणि हात तसाच हातात धरून विचारलं, "जगणं नकोसं वाटतं का रे?"

मी वहिनीकडं पाहिलं. असं कुणी विचारतं का... सोपाननं वैद्यबुवांच्या हातातल्या आपल्या हाताकडं पाहिलं. मग म्हणाला, "व्हय. रोज वाटतं."

वैद्यबुवांचा आवाज जराही बदलला नाही. "बरं केलंस सांगितलंस," ते म्हणाले. मग आमच्याकडं वळले. "याला आता एकटं सोडू नका. नगरला पुण्याहून मनाचे डॉक्टर येतात, त्यांच्याकडे न्या. तेल चालू ठेवा, त्यानं अंगाला बरं वाटेल. पण एवढ्यावर हे निभायचं नाही."

डॉक्टर तरुण होते, चष्मा सारखा नाकावरून घसरायचा. सोपानला पुढ्यात बसवून ते कितीतरी वेळ बोलत राहिले. हा आजार आहे, त्याला डिप्रेशन म्हणतात, वेड नव्हे, आणि भित्रेपणाही नव्हे, असं त्यांनी सोपानला सांगितलं. मग गोळ्या लिहून दिल्या आणि आम्हाला नीट बजावलं. गुण यायला काही आठवडे लागतील. आधी हातापायांत बळ येतं आणि मनावरचं मळभ नंतर जातं, म्हणून मधल्या काळात जास्त जपायचं. उठताना चक्कर येईल, तर सावकाश उठायचं. बरं वाटलं तरी आपल्या मनानं गोळ्या थांबवायच्या नाहीत, आणि दुसरं कुठलंही औषध त्यांना सांगितल्याशिवाय द्यायचं नाही. तेलमालिशला त्यांची ना नव्हती. "गोळी तुम्हाला उठवून बसवील," ते सोपानला म्हणाले, "पुढं चालायचं तुम्हालाच आहे. चालणं, वेळेवर जेवण, माणसांत बसणं, यांची मदत होते." शेवटी त्यांनी विचारलं, काम काय करता. मी म्हणालो, "बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवतो." डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "मग हे आत्ताच सांगायला हवं," ते म्हणाले, "या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. बऱ्यापैकी कोरडं."

सोपान म्हणाला, "वाजवायचंय कुनाला."

दिवाळी तशीच गेली. घरातलं कुणी ना कुणी सतत त्याच्याजवळ असायचं. आणि थंडी पडायला लागली तशा एका सकाळी त्यानं वहिनीकडं पिठलं मागितलं. वहिनीनं मला हे सांगितलं तेव्हा तिला हसू आणि रडू एकदमच येत होतं. पुढच्या खेपेला मी गेलो तर तो ओट्यावर बसून दाढी करत होता. मला पाहून म्हणाला, "माझ्या जागंवर कोन वाजवतंय रं?" मला इतका आनंद झाला की मी हातातली पिशवी तिथंच टाकली. त्यानं आतून क्लॅरोनेट आणली, फुंकायच्या टोकाची वेताची पातळ पत्ती भिजवायला ओठांत धरली. ओली होईना. ओठ लाकडाला चिकटत होते. त्यानं पाणी पिऊन पुन्हा फुंकलं, दोन सूर लागले आणि तिसऱ्याला नुसतं किरकिरलं. परत पाणी, परत तेच. मग त्यानं क्लॅरोनेट मांडीवर आडवी ठेवली. "वाजवू शकत हुतो तवा वाजवावं वाटत न्हवतं," तो सावकाश म्हणाला, "आता लई वाटतंय, तर थुंकी न्हाई."

माघातल्या एका लग्नासाठी त्यानं कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. काही दिवसांतच तोंडाला ओल आली. त्या वरातीत त्यानं असं वाजवलं की बँडच्या मालकानं त्याला मिठी मारली. मी ड्रम वाजवत होतो आणि मला वाटत होतं, आमचा सोपान आला परत. पण तो थोड्या दिवसांचाच आला होता. महिना उलटला नाही तोच पुन्हा भिंतीकडं तोंड, पुन्हा ताट तसंच... या वेळी पहिल्यापेक्षा वाईट. न संपलेल्या गोळ्या वहिनीच्या हाती लागल्या, तेव्हा तिला सगळं कळलं आणि तिनं त्या पुन्हा चालू केल्या. इकडं आईनं बाजारात बसणाऱ्या एका जडीबुटीवाल्याकडून झोपेचं चूर्ण आणलं होतं. लेकाला झोप लागावी एवढंच तिच्या मनात. ती ते दुधातून द्यायला लागली. दोघींना एकमेकींचं ठाऊक नव्हतं.

एका दुपारी वहिनीच्या भावानं सोपानला जीपमध्ये घालून, वहिनी आणि आईसह, नगरला आणलं आणि मला स्टँडवरून उचललं. सोपानचा चेहरा लालबुंद, अंग तापलेलं पण घामाचा थेंब नाही, डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या झालेल्या. हवेतून काहीतरी वेचत होता आणि मेलेल्या मास्तरांशी बोलत होता. डॉक्टर त्या दिवशी सुदैवानं नगरमध्येच होते. आणखी काय दिलं होतं ते त्यांनी आईला विचारलं, तिच्या कनवटीची चूर्णाची पुडी मागून घेतली, बोटावर घेऊन पाहिली, वास घेतला. "यात धोतरा दिसतोय," ते म्हणाले. "गोळीनं जे कोरडं पडतं तेच धोत्र्यानंही पडतं. दोन्ही मिळून त्याच्या डोक्याला चढलं." आई कोपऱ्यात पदर तोंडाला लावून उभी होती. डॉक्टर तिच्याजवळ गेले. "आजी, झाडपाला म्हणून निर्धोक असं काही नसतं. माझी गोळीसुद्धा निर्धोक नाही. म्हणून तर सगळं एकमेकांना सांगून करायचं." आई म्हणाली, "मला काय ठावं, डाक्टर. त्याचा डोळा लागावा वाटलं."

दवाखान्यात काही दिवस गेले, तो शुद्धीवर आला, डोकं ताळ्यावर आलं. मग डॉक्टर आणि सोपान यांच्यात जे बोलणं झालं ते मी शेजारी बसून ऐकलं. सोपान म्हणाला, "गोळी सोडली तर मी ऱ्हात न्हाई. घेतली तर क्लॅरोनेट ऱ्हात न्हाई. दोन्हीतलं काय सोडू?" डॉक्टरांनी त्याला फसवं उत्तर दिलं नाही. म्हणाले, डोस जमेल तितका कमी करून बघू, सगळा रोज झोपतानाच घ्यायचा, म्हणजे दिवसा तोंडाला थोडी उसंत मिळेल. पूर्वीसारखं होईल असं वचन मात्र देत नाही.

पूर्वीसारखं झालं नाही. सोपान बरा झाला, माणसांत आला, हसायला लागला. सकाळी नदीवर चालत जायचा, येऊन वहिनीकडून तेल चोळून घ्यायचा, वैद्यबुवांना वर्षातून एकदा भेटून यायचा. पण अख्खी वरात वाजवणं त्याला जमेना. अर्ध्या वाटेतच तोंडाचा कोरडा कागद व्हायचा. मालक भला माणूस. म्हणाला, तू नुसता सोबत चल. सोपाननं ऐकलं नाही, झांजा मागून घेतल्या. त्या भागातला सगळ्यात चांगला क्लॅरोनेटवाला बँडच्या मागच्या रांगेत झांजा वाजवत चालायला लागला. लोक हसायचे, कुणी हळहळायचे. मला ते बघवत नसे. एकदा त्याला तसं म्हणालो, तर त्यानं झांजा काखेत धरून तंबाखू मळता मळता सांगितलं, "झांजंला थुंकी लागत न्हाई, बाळू. आन मागच्या रांगंतनं सगळा बँड ऐकू येतो. इतकी वर्सं मी नुसता मलाच ऐकत हुतो."

एक गोष्ट मात्र त्यानं स्वतःकडं ठेवली होती. पाठवणी. नवरी निघायची वेळ झाली की तो झांजा कुणाकडं तरी द्यायचा, सावकाश पाणी प्यायचा, तोंडात खडीसाखर धरायचा. मग पुढं येऊन तेवढं एकच वाजवायचा. पूर्वीचं लांबलचक वाजवणं राहिलं नव्हतं. दम पुरेल आणि ओठ ओले राहतील तेवढंच, मोजकं. मी दोन्ही ऐकलंय, आधीचं आणि नंतरचं. आधीचं ऐकून बापमाणसं रडायची. नंतरचं ऐकताना मांडवात कुणी हालायचंसुद्धा नाही.

दुष्काळ पडला, लग्नं आटली, ऊस वाळला. त्या दिवसांत मला फार धास्ती होती. पण सोपान वहिनीबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेला, आणि गोळी चुकवली नाही. संध्याकाळी तिथल्या माणसांना शीळ घालून गाणी ऐकवायचा म्हणे. मधे दोनदा मन खाली जायला लागलं तेव्हा तो आपणहून एस.टी.त बसून नगरला आला. माझ्या खिडकीशी येऊन म्हणायचा, "चल, डाक्टरांकडं. ढग दिसाय लागलेत." इतक्या साधेपणानं.

आणि मग या पावसाळ्यात त्यांच्या गल्लीतलं पाणी नासलं. काविळीनं बरेच जण आजारी पडले, सोपान उठला नाही. डोळे पिवळे दिसताच डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या होत्या. मी त्यांना नंतर सरळच विचारलं, गोळ्यांमुळं तर नाही ना झालं? ते म्हणाले, "तसं वाटत नाही. पाण्यानं त्या गल्लीत तेच दुखणं झालंय. पण शपथेवर सांगू शकत नाही." त्यांचा हा खरेपणाच मला धीर देऊन गेला.

गावाला इतका धीर नव्हता. दहाव्याला घाटावर एक पाहुणा म्हणालाच, शेवटी वेडाच्या गोळ्यांनीच खाल्लं त्याला. मी काही बोलायच्या आत सोपानची आई उठली. एरवी चार माणसांत तोंड न उघडणारी बाई. "गोळ्यांनी न्हाई गेला," ती म्हणाली. "गोळ्यांनी ऱ्हायला हुता. दोन वर्सं मला माझा लेक जेवताना दिसला." आणि खाली बसली. तिथं पुढं कुणी विषय काढला नाही.

परवा पुन्हा गेलो होतो. वहिनी दारात धान्य पाखडत होती, मी आत बसलो. दुपार कलली. समोरच्या घरी बायका मिरच्या कांडत होत्या, पलीकडं कुणाचा तरी रेडिओ मोठ्यानं चालू होता. थोड्या वेळानं कांडण थांबलं. मग रेडिओही बंद झाला. वहिनीच्या हातातलं सूप थांबलं. काय झालं म्हणून मी बाहेर पाहिलं. ती खालच्या आवाजात म्हणाली, "ह्यांची पाठवनीचं वाजवून बसवायची येळ. रोज उन्हं त्या भिंतीवर आली की बसायचे. गल्लीला गप ऱ्हाऊन ऐकायची सवय झालीया. अजून तशीच हाय."

आम्ही तसेच बसून राहिलो. गल्लीत कुणी बोलत नव्हतं. ऊन भिंतीवरून हळूहळू वर सरकत गेलं. मग समोरून एक ठोका ऐकू आला, थोडं थांबून दुसरा, आणि कांडण पुन्हा सुरू झालं.