मुरूम लागेपर्यंत

दर मे महिन्यात आमचा मिस्त्री पुट्टीची बादली घेऊन येतो आणि माझं डोकं तापतं. पुढच्या भिंतीतल्या भेगेत तो आगपेटीची काडी घालतो, एक डोळा बारीक करतो आणि भिंत आजच पहिल्यांदा बघितल्यासारखं विचारतो, "लय फाकलीय की हो सर. कदीपासून?"

अरे, तूच बांधलीस ना ती!

भेग भरताना त्याचं उत्तर ठरलेलं. "काळी माती हाय सर. उन्हाळ्यात आकसती, पावसाळ्यात फुगती. घर हलणारच." जसं काही परभणीत काळी माती मीच आणून टाकली!

परवा त्याच्या स्वतःच्या घराचं काम बघायला गेलो. पायाच्या खड्ड्यात तो छातीइतका खोल उभा राहून टिकाव मारत होता.

"अजून खालचा कडक मुरूम लागंना बगा," तो खालून म्हणाला. "काळ्या मातीवर पाया ठिवला की भिंत तडकलीच."

माझा तोल गेला. "मग माझ्या घराला तीन फुटांवर का थांबलास?"

त्यानं कपाळ पुसलं. आवाज न चढवता म्हणाला, "तवा बी मुरूम लागला नव्हता. सांगाय आलतो. तुमी म्हणलात, अक्षय तृतीयेला चौकट उभी करायचा मुहूर्त हाय, आधी तेवढं बघ."

मी परत फिरलो. घरात शिरलो आणि रागानं दार आपटलं. मुहूर्तावर उभ्या केलेल्या त्या चौकटीत ते बसलंच नाही.