राजहंसची वेळ

कपाट आवरताना आप्पांचं स्टॉपवॉच सापडलं. त्याच्या चामडी पाकिटाला अजून घोड्याच्या मालिशच्या तेलाचा वास आहे.

आप्पा, माझे आजोबा, रेसकोर्सवर सईस होते, घोड्यांची देखभाल करायचे. निवृत्तीनंतर ते पूनम सागर सोसायटीत आमच्याकडे राहायला आले, तेव्हा मी त्यांच्या वहीतल्या जुन्या वेळा आणि पेपरातले नवे विक्रम एका तक्त्यात मांडले. अंतर तेच, पण त्यांचा लाडका राजहंस दोन सेकंद मागे पडला.

"आप्पा, तुमचा राजहंस हरला की!"

ते लाजून म्हणाले, "अगो, हरेल कसा? तो पहिला आला तेव्हा मी टाळ्या वाजवत होतो. घड्याळ दाबायचं मागाहून आठवलं."

मी तेव्हा तक्त्यात राजहंसच्या नावापुढे 'वेळ चुकीची' असा शेरा मारला होता. आज तो खोडून लिहिलं, 'टाळ्यांचे दोन सेकंद वजा करावेत.'