अळूचे सिनेटर

भाऊ पहिल्यांदा आमच्या दारात आले, तेव्हा त्यांनी नमस्कार नंतर केला. आधी दारावरचा दिवा बंद केला. सकाळचे दहा वाजले होते. "वहिनी, बाहेर सूर्य फुकट राबतोय. त्याच्या पोटावर पाय कशाला?" हे त्यांचं पहिलं वाक्य. मग चपला काढून ते आत आले आणि वीज कमी खावी म्हणून आमचा फ्रीज भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून बसले.

मुलांनो, तुम्ही टोरांटोत वाढलात, त्यामुळे इथे न्यूझीलंडमध्ये, तुमच्या काकाच्या टाकानिनी गावातल्या घराशेजारी राहणारे हे गृहस्थ तुम्ही पाहिले नाहीत. म्हणून क्रमाने सांगते. भाऊ साताऱ्याचे. वीज मंडळात आयुष्य काढून २०११ साली ते मुलाकडे इथे आले. सोबत पत्नी वत्सलावहिनी आणि तीन विषयांवरची ठाम मतं: वीज, सरकारी जमिनी आणि इथल्या माओरी जमातींचे प्रश्न. वीज त्यांना कळत होती. बाकी दोन विषयांवर त्यांनी वाचनालयातून आणलेलं एकेक पुस्तक वाचलं होतं, तेही निम्मं. तुमच्या आजोबांनी त्यांचं नाव 'सिनेटर' ठेवलं. भाऊ म्हणाले, "अहो, पण या देशात सिनेटच नाही!" आजोबा म्हणाले, "म्हणून तर तुमची जागा कुणी घेतली नाही."

कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे वाण्याच्या दुकानात, ते दुधाची बाटली हातात धरून भाषण करत. "मुद्दा असा आहे, सरकारी जमिनीवर एकट्याने हात मारणं म्हणजे दरोडा. नोंद घ्या!" दुकानदार 'स्वीट ॲज', म्हणजे 'झकास', म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचा. भाऊ समजत, की ठराव मंजूर झाला.

गंमत अशी, की भाऊंच्या कुंपणामागे ओढ्याकाठची जी सरकारी पट्टी होती, तिथे वत्सलावहिनींनी अळू लावलं होतं. टोंगा बेटांवरून आलेल्या शेजारणीने दिलेला एक कंद, त्याचं पाच वर्षांत रान झालं. आमच्या सगळ्यांच्या अळूवड्या तिथूनच येत. आजोबांनी एकदा दरोड्याची आठवण करून दिली, तर भाऊ शांतपणे म्हणाले, "हे अतिक्रमण नाही. वहिवाट आहे."

मग वहिनी गेल्या. भाऊ रोज सकाळी अळूपाशी खुर्ची टाकून बसू लागले. दिवे बंद करायला येईनात. आमच्या दारावरचा दिवा आठवडाभर दिवसा चालू राहिला, तेव्हा मला त्यांची खरी काळजी वाटली.

वर्षभराने कुंपणावर नगरपालिकेची आणि इथल्या माओरींची मिळून नोटीस लागली: ओढा साफ करून काठावर देशी झाडं लावायची आहेत, बाकी सगळं काढणार. कुणाला काही म्हणायचं असेल, तर मराएवर या. मराए म्हणजे माओरी लोकांचं सभास्थान. भाऊ ताडकन उठले. तीन विषयांचं अकरा पानी भाषण तयार झालं. भाऊ, त्यांची सून मानसी, आजोबा आणि मी, असं आमचं शिष्टमंडळ निघालं.

तिथली रीत अशी, की पाहुण्याने आधी आपला डोंगर आणि आपली नदी सांगायची. भाऊ उभे राहून माओरीत नमस्कार करत म्हणाले, "किया ओरा. माझा डोंगर अजिंक्यतारा. माझी नदी कृष्णा." एवढं म्हणाले आणि थांबले. मग अकरा पानं घडी करून खिशात घातली. "माझी बायको त्या नदीकाठची. तिने तुमच्या ओढ्यावर अळू लावलंय. मुद्दा एवढाच आहे." आणि खाली बसले.

आम्हाला वाटलं, संपलं. पण समोरचे सगळे आमच्याकडे बघत राहिले. मानसी कुजबुजली, "बाबा, भाषणानंतर आपल्या माणसांनी उभं राहून गाणं म्हणायचं असतं. त्याशिवाय भाषण पुरं होत नाही."

"हे आत्ता सांगतेस?"

"मी मेल केला होता!"

आम्ही चौघं उभे राहिलो. आजोबांना शंभर गाणी येत, प्रत्येकाची पहिली ओळ. मानसीला कुठलंच धड येत नव्हतं. आरती म्हणावी, तर मला दुसऱ्या कडव्यापर्यंतच येते. शेवटी भाऊंनी डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "बे एके बे!"

आजोबांनी लगेच उचललं, "बे दुणे चार!"

मी कॉन्व्हेंटातली, माझं गणित 'टू वन्झा टू'वर झालेलं. पण त्या दिवशी मीही गायले. बे दाहे वीसला भाऊंनी अशी तान घेतली, की सभेने टाळ्या वाजवल्या.

चहाच्या वेळी तिथल्या वयोवृद्ध आरोहाआजींनी विचारलं, "गाणं कशाबद्दल होतं?"

भाऊ खोटं बोलत नसत. "दोनाबद्दल," ते म्हणाले. "दोनाचे वीस कसे होतात त्याबद्दल."

आजींनी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. मग म्हणाल्या, "ओढ्याचा काठ तुझा नाही, माझाही नाही. ओढा आमचा पूर्वज आहे, त्याला मोकळं सोडायला हवं. पण तुझ्या बायकोचं अळू आमच्या स्वयंपाकघरामागे लाव."

भाऊ केस हरले आणि अळू वाचलं. आजोबा आणि मी हातमोजे घालून कंद हलवले. तरी दोन दिवस खाजवत होतो. त्यानंतर दर बुधवारी भाऊ मराएवर. पाणी घालायचं आणि जाता जाता सगळ्या खोल्यांतले दिवे बंद करायचे. आत माणसं असली तरी. आरोहाआजी ओरडत, "सिनेटर, मी इथे सुरी घेऊन कांदा कापतेय!" बदल्यात भाऊंनी त्यांना पाढा शिकवला. घरी येऊन म्हणायचे, "माओरी प्रश्नांवरची माझी मतं मी मागे घेतलीत. आता मी फक्त पाणी घालतो."

भाऊ २०१९ साली गेले. अंत्यविधीच्या हॉलमध्ये मानसी बोलली, रडली, खाली बसली. तेवढ्यात मागच्या रांगेतून आरोहाआजी आणि सहा बायका उठल्या. भाषण अपुरं कसं ठेवायचं? "बे एके बे." सातीला अडखळल्या, नव्व्याला सावरल्या. आजोबा आधी हसले, मग त्यांनी माझा रुमाल मागितला.

तुम्हाला 'टू वन्झा टू' येतंच. हेही पाठ करून ठेवा. कधी कुणासाठी उभं राहावं लागेल, सांगता येत नाही.

सगळे बाहेर पडले. आरोहाआजी सर्वांत शेवटी निघाल्या. दारात थांबल्या, मागे वळल्या आणि हॉलचे दिवे एकेक करून बंद केले. बाहेर लख्ख ऊन होतं.